नजर अक्षरांवर किती वेळ होती?

पत्र: मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३४ मुलं आहेत. वाचनासाठी मी यंदा कितीतरी उपक्रम घेतले: चित्रकार्डं, शब्दांची आगगाडी, मातीची अक्षरं, शब्दकोडी. मुलं रमतात, तास कधी संपला कळत नाही. पण पुस्तक हातात दिलं की दहा-अकरा मुलं अजून अडखळतात. काही जण पाठ्यपुस्तकातला धडा धडाधड म्हणून दाखवतात, आणि त्यातलेच शब्द फळ्यावर लिहिले तर गप्प होतात. एक मुलगा तर त्याची पाळी आली की "बाई, घसा दुखतोय" म्हणून खाली बसतो. जुने सहकारी सांगतात, खेळ बंद करा आणि बाराखडी घोटून घ्या. माझं काय चुकतंय? नेमके कोणते उपक्रम घेऊ?
— एक शिक्षिका

उत्तर:

तुमच्या पत्रात मुलांची काळजी ओळीओळीत दिसते, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक उपक्रमापुढे मी एकच प्रश्न मांडून पाहिला: त्या तासाला प्रत्येक मुलाची नजर शब्दांवर किती मिनिटं होती? मातीची अक्षरं घ्या. माती मळायची, वळी करायची, 'म'ची गाठ जमवायची, हात धुवायचे. तासाभरात मुलाच्या डोळ्यांखालून दोन-तीन अक्षरं गेली, शब्द एकही नाही. आगगाडीत प्रत्येक मूल एक डबा होतं, म्हणजे वाट्याला एकच शब्द, आणि तोही छातीशी धरलेला, म्हणजे ज्यानं धरलाय त्यालाच न दिसणारा. मुलं आनंदात होती हे खरं, आणि तो आनंद मला मोलाचा वाटतो. पण पोहणं जसं पाण्यात उतरूनच येतं, तसं वाचन वाचूनच येतं. तुमच्या मुलांना वाचायला मिळालेला वेळ फार थोडा होता, एवढंच चुकलं.

हीच कसोटी सहकाऱ्यांच्या सल्ल्यालाही लावा. सगळा वर्ग एका सुरात बाराखडी म्हणतो तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाचे डोळे खिडकीबाहेर असतात आणि तोंड बरोबर चालू असतं. एकामागून एक उभं राहून धडा वाचणंही तपासा. चाळीस मिनिटांचा तास, ३४ मुलं. प्रत्येकाला जेमतेम एक मिनिट वाचायला मिळतं आणि उरलेली ३९ मिनिटं पाळीची वाट बघण्यात जातात. चांगलं वाचणारं मूल कंटाळतं, आणि अडखळणारं मूल आपल्या वाट्याला कोणती ओळ येणार ते मोजत बसतं. तुमच्या त्या मुलाचा घसा याच मोजणीत दुखायला लागतो.

बाराखडीविषयी माझं मत स्पष्ट आहे: ती हवी, घोकंपट्टी नको. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं धरली तर ४०८ आकृत्या होतात. त्या सुट्या सुट्या पाठ करायच्या म्हटलं तर मूल दमेल. पण काना कुठेही लागला तरी तेच करतो, वेलांटी कुठेही गेली तरी तिचा आवाज बदलत नाही, हे एकदा उमगलं की ओझं कितीतरी हलकं होतं. अडचण येते ती 'क ला काना का' या पालुपदाची. 'कागद' समोर आला की मूल म्हणतं, "क ला काना का, ग, द..." आणि थांबतं. मनात एका वेळी धरून ठेवायला जागा थोडीच असते. ती खुणांच्या नावांनी भरली की शब्दाला उरत नाही. म्हणून खुणेचं नाव वगळून थेट आवाज म्हणवून घ्या: का, ग, द, कागद.

आणखी एक गोष्ट सांगते, तुमचा जीव थोडा हलका व्हावा म्हणून. आपल्यासारखीच अक्षरलिपी असलेल्या कन्नडमध्ये मुलं वाचायला कशी शिकतात याचा सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरांची ओळख पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालू राहतं, असं त्यात दिसलं. त्यामुळे तिसरीत अडखळणारं मूल 'वाया गेलेलं' नाही, ते अजून वाटेत आहे. फक्त वाटेत कुठे थांबलंय ते तुम्हाला ठाऊक हवं.

त्यासाठी पहिलं काम असं करा. एका कागदावर चार भाग लिहून काढा: दहा सुटी अक्षरं, काना-मात्रांचे दहा शब्द, जोडाक्षरांचे दहा शब्द, आणि मुलांनी कधीच न पाहिलेला पाच-सहा वाक्यांचा एक उतारा. रोज चार मुलांना एकेकटं जवळ बसवून हा कागद वाचायला द्या. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात, नऊ दिवसांत वर्ग होतो. चित्र नको, पुस्तक नको. धडा पाठ असलेली मुलं इथे लगेच ओळखू येतात. चुकलं ते खोडू नका, जसं वाचलं तसं टिपून ठेवा. 'किती'चं 'कती' वाचणाऱ्याला वेलांटी आधी दिसते आणि आवाज मागून येतो याचा गोंधळ आहे. 'घर'चं 'धर' करणाऱ्याची घ-ध यांत गल्लत होतेय. उतारा एका दमात वाचून "यात काय झालं?" असं विचारल्यावर गप्प राहणाऱ्याची गोष्ट तिसरीच. या तिघांना एकच उपक्रम देऊन भागणार नाही, आणि आजवर तेच होत आलं असावं.

आता उपक्रम. मी मोजकेच सांगते, कारण रोज नवीन खेळ शोधण्यापेक्षा चारच प्रकार रोज घेतलेले बरे. खेळाचे नियम समजावण्यात मुलांची शक्ती जाऊ नये.

अक्षरं जुळवताना अडणाऱ्या मुलांसाठी शब्द बदलण्याचा खेळ घ्या. दहा-बारा मुलांना अर्धगोलात बसवा, प्रत्येकाकडे पाटी. तुम्ही म्हणा 'कर', मुलं लिहितात आणि वाचतात. मग म्हणा, "आता एकच बदल करून याचा 'कार' करा." मग तार, तारा, वारा, वारी, वाडी, गाडी, गोडी. दर वेळी एकच जागा बदलते, त्यामुळे मुलाला अख्ख्या शब्दाकडे बारकाईनं पाहावंच लागतं. पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकून चालत नाही. दहा मिनिटांत एकेक मूल वीस-पंचवीस शब्द लिहितं आणि वाचतं. चार दिवसांनी मुलंच एकमेकांना बदल सांगायला लागतात. एक पथ्य पाळा: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की आठवड्यानं दुसरं आणा, आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवून फरक मुलांनाच शोधू द्या.

इथे मराठीची एक खोच आहे. आपण लिहितो 'करवत', म्हणतो 'कर्वत्'. लिहितो 'घसरण', म्हणतो 'घस्रण्'. मूल क, र, व, त असे चार अकार पूर्ण उच्चारतं आणि त्याच्या कानाला करवत ऐकूच येत नाही. सगळी अक्षरं बरोबर वाचूनही शब्द हाती लागत नाही, तेव्हा ते हिरमुसतं. अशा वेळी "नीट वाच" म्हणू नका, त्यानं नीटच वाचलेलं असतं. शब्द दोन टाळ्यांत तोडून दाखवा: कर-वत, घस-रण, उल-टा. 'चाक' आणि 'चित्र' यांतला 'च' दिसायला एक आणि ऐकायला दोन. मुलानं चाकाला चित्रातला च लावला, तर "दुसरा आवाज लावून बघ, ओळखीचा शब्द होतोय का?" एवढंच सुचवा. अक्षरांवरून अंदाज घेऊन तो बोलीतल्या शब्दाशी पडताळायचा, ही सवय एकदा लागली की ती मुलाच्या कायम कामी येते. चित्रावरून शब्द ओळखायची सवय मात्र लावू नका. 'बदक'च्या चित्राखाली 'पक्षी' लिहिलेलं असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीनं खणखणीत आवाजात "बदक" वाचलं होतं, आणि मी तिला शाबासकी देऊन बसले होते. कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की ती शब्दांकडे पाहतच नव्हती. तेव्हापासून मी आधी मजकूर वाचून घेते, चित्र हातानं झाकलेलं असतं, आणि मग ते उघडून दोन्ही जुळतात का ते पाहतो.

जोडाक्षरांत सगळ्यात जास्त छळतो तो 'र'. सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर: चार ठिकाणी चार रूपं. त्यातही रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र आधी होतो. फळ्यावर 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहा. एक समुद्र, एक डोंगरांमधल्या खोल जागा. "दर्यात नाव चालते", "दऱ्यांत धुकं उतरतं" अशी वाक्यं मुलांकडून करून घ्या. रूप बदललं की अर्थ बदलतो हे दिसलं की मुलांची नजर त्या छोट्या खुणेवर आपोआप थांबते. बाकीच्या जोडाक्षरांसाठी मला वेगळा खेळ कधी लागला नाही. वाचताना भेटलेलं जोडाक्षर फळ्याच्या एका कोपऱ्यात जमा करत गेलं की पुरतं.

आता सगळ्या वर्गासाठीचा उपक्रम, जोडीवाचन. तुमच्या हाती एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. तपासणीवरून ३४ मुलांची नावं वाचनाच्या क्रमानं लिहा, यादी मधोमध तोडा. पहिल्याची जोडी अठराव्याशी, दुसऱ्याची एकोणिसाव्याशी, अशी सतराव्याची चौतिसाव्याशी. ही यादी तुमच्यापाशीच ठेवा, मुलांना दिसता कामा नये. या पद्धतीत सर्वांत पुढचं आणि सर्वांत मागचं मूल एकत्र येत नाही, त्यामुळे एकाला कंटाळा आणि दुसऱ्याला लाज असं होत नाही. वीस मिनिटं द्या. आधी पुढचा वाचतो पाच मिनिटं, मागचा बोट ठेवून ऐकतो. मग तोच मजकूर मागचा वाचतो. नंतर नवीन भाग, त्याच क्रमानं. प्रत्येक मुलाची दहा मिनिटं स्वतः मोठ्यानं वाचून होतात आणि उरलेली दहा मिनिटं डोळे त्याच ओळीवर असतात. एका मिनिटाच्या पाळीशी याची तुलना करा.

यात एक नियम मुलांकडून आठवडाभर घोटून घ्यावा लागतो. जोडीदार अडला तर मनात चारपर्यंत मोजायचं, मग शब्द सांगायचा, आणि त्यानं ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचायचं. आपण मोठेही या चार आकड्यांपर्यंत थांबत नाही. मूल 'शिं...' म्हणतं आणि आपण 'शिंपला' सांगून मोकळे होतो. एकदा थांबून पाहा. ओठ हलतात, कपाळाला आठी पडते, बोट मागे जातं, आणि शब्द येतो. तो शब्द त्या मुलाचा असतो. सुरुवातीला वर्गात गलका होईल, सतरा आवाज एकदम येतील. होऊ द्या. दारातून जाणाऱ्याला गोंधळ वाटला तरी तुम्ही जोड्यांमधून फिरा, वाकून ऐका, वहीत टिपा.

एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याला आपल्याकडे उगाच कमीपणा आहे. १९७९ साली एस. जे. सॅम्युअल्स या अमेरिकन अभ्यासकानं नेमकी हीच पद्धत मांडली: छोटा उतारा, ओघ येईपर्यंत पुन्हा वाचायचा, मग पुढचा. अक्षरं जुळवण्यातली मेहनत कमी झाली की मन अर्थाकडे वळायला मोकळं होतं. पण "पुन्हा वाच" म्हटलं की मूल तोंड वाकडं करतं, त्याला काहीतरी कारण लागतं. ते कारण नाट्यवाचनातून मिळतं. गोष्टीतले संवाद पाच-सहा जणांत वाटा, सोमवारी द्या, शुक्रवारी शेजारच्या वर्गासमोर वाचायचं. पाठ करायचं नाही, कागद हातात राहील, पोशाख नाही, नेपथ्य नाही. "वाघ चिडलाय, मग हे वाक्य कसं येईल?" असं विचारलं की मूल तेच वाक्य आपणहून सात वेळा वाचतं. मुलांना भूमिका देताना सर्वांत लांब संवाद हुशार मुलाला द्यायचा मोह आवरा. अडखळणाऱ्याला छोटे पण वारंवार येणारे संवाद द्या, म्हणजे त्याला सगळा कागद नजरेखालून घालावाच लागतो.

पाठ म्हणणाऱ्या मुलांसाठी मात्र पाठ्यपुस्तक काही दिवस बाजूला ठेवा. त्यांना असा मजकूर द्या जो आजच जन्माला आलाय. सकाळी एखादं मूल सांगतं, "बाई, काल आमची मांजर कपाटावर चढली आणि उतरेना." ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, सुधारू नका. आणखी दोघांची भर घाला, पाच-सहा वाक्यं होतात. सगळे वाचतात, उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी वाक्यांच्या पट्ट्या उलटसुलट करून क्रम लावतात. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेनं न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना प्रत्येक मुलाला रोज विचारलं, तुला आज कोणता शब्द हवा? भीतीचे आणि मायेचे शब्द मुलं एकदा पाहून ध्यानात ठेवत, आणि वाचनमालेतले साधे सोपे शब्द विसरून जात. मी हे करून पाहिलं आहे. एकदा एका अबोल मुलानं 'विहीर' मागितला. का, ते मी विचारलं नाही. वेलांटी कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ, हे त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

राहिली ती घडाघडा वाचून काहीच न समजणारी मुलं. गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. या मुलांचा पहिला आकडा भक्कम आहे, दुसरा लहान. त्यांच्याकडून आणखी मोठ्यानं वाचून घेण्यात हशील नाही. त्यांना ऐकवा. रोज पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः एखादं मोठं, रसाळ पुस्तक वाचून दाखवा, मुलांना एकट्यानं झेपणार नाही असं. इथे नजर अक्षरांवर नसते, तरी हा वेळ वाया नाही, कारण पुस्तकी भाषा कानावर इथेच पडते. मध्ये थांबा. "राजाचं नाव काय?" असा प्रश्न नको, त्याचं उत्तर ओळीतून उचलता येतं, कळलं नसलं तरी. "तो खोटं बोलतोय असं कुणाला वाटतं? कशावरून?" असं विचारा, आणि 'कशावरून'ला उत्तर म्हणून पुस्तकातली ओळ शोधून दाखवायला लावा.

आणि नवीन धड्याआधी विषयाची तोंडओळख करून द्यायला विसरू नका. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन चांगलं सांगू शकली. समुद्रावरचा धडा असेल तर भरती, ओहोटी, शिडाची नाव यांवर आधी दहा मिनिटं बोला, चित्रं दाखवा. इथे चित्रांचं काम खरं असतं.

वेळेची मांडणी तुमची तुम्हाला ठरवता येईल. शब्दबदलाच्या दहा मिनिटांत बाकीच्यांना स्वतःच्या आवडीचं पुस्तक मूकपणे वाचू द्या. मातीची अक्षरं शनिवारी ठेवा, मुलांना त्यांचा विरह होऊ नये.

आता तो घसा दुखणारा मुलगा. त्याला उभं राहून वाचायला लावणं आजपासून बंद करा, आणि हे त्याला एकट्याला गाठून सांगा, म्हणजे पाळीची धास्ती जाईल. जोडीवाचनात त्याचा जोडीदार विचारपूर्वक निवडा. यादीत बसत नसला तरी चालेल, पण चिडवणारा नको. शुक्रवारच्या नाट्यवाचनातला त्याचा संवाद त्याला आधी देऊन ठेवा, मधल्या सुट्टीत तुमच्याजवळ बसून दोनदा वाचू द्या. आणि एक मोठं काम त्याच्याकडे सोपवा: आठवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात जाऊन दोन लहान मुलांना छोटं पुस्तक वाचून दाखवायचं. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. लहानांना वाचून दाखवायचं असेल तर तेच पुस्तक तो दहा वेळा सराव करून वाचेल. पुस्तक तुम्ही निवडा, पानावर दोनच ओळी असलेलं. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत जा, आत जाऊ नका.

दोन महिन्यांनी त्याच कागदावर सगळ्यांची पुन्हा तपासणी घ्या, उतारा तेवढा बदला. आणि मला नक्की कळवा, विशेषतः त्याच्याबद्दल.